ओले

कन्नडात ओले म्हणजे चूल,
हे मला इथं बदली होऊन आल्यावर कळलं.
मराठीत ओलं ते ओलंच.
पण कणकुंबीच्या वरच्या अंगाला,
झोऱ्यांच्या गवळीवाड्यात,
आषाढापासून दसऱ्यापर्यंत
दोन्ही भाषांचा अर्थ एकच होतो.

आणि धुराला म्हणतात होगे.
“ठकूबाई धाकलू झोरे?”
“हो गे!”
बाईंना गे म्हणते म्हणून पोरं खिदळायची,
आणि तिच्या परकराला, वेण्यांना, पाटीलासुद्धा
खरंच धुराचा वास यायचा.

सोमवारी नि गुरुवारी ती नसायची.
हजेरीपटावर त्या दोन वारांच्या फुल्या
एकाखाली एक,
गुरांनी तुडवलेली पायवाट जशी.
विचारलं तर म्हणाली, लाकडाचा वार.
गावाला बाजाराचा असतो, तसा.

शाळेची चूलही लाकडांवरच होती.
सुंदराक्का फुंकणीनं फुंकून फुंकून
लाल डोळ्यांनी आमटी ढवळायची.
म्हणायची, मीठ बेतानंच घालते बाई,
वरून पडतंच की.

मग शाळेमागं, फणसापलीकडं, खड्डा खणला.
वर घुमट बांधला, त्याला पोरं म्हणाली म्हशीचं पोट.
फी ठरली, रोज एक बुट्टी शेण.
मी हजेरीपटात नवा रकाना आखला.
तपासणीला आलेले धारवाडकडचे साहेब म्हणाले,
हे ‘शे’ काय?
मी म्हटलं, शेरा.
अगदीच खोटं नव्हतं ते.
विठू मिसाळ गणितात कच्चा,
शेणात पहिला.

एकवीस दिवस काहीच नाही.
बाविसाव्या दिवशी सुंदराक्कानं काडी ओढली
आणि निळं काहीतरी उमललं, आवाज न करता.
ती दचकली, मागं सरली
आणि सवयीनं
फुंकणी लावून फुंकलं.
विझलं.
काडेपेटीत चारच काड्या होत्या.

आता उरलेला गॅस पिशवीत भरून घरी जातो.
ज्याचं शेण, त्याची पिशवी.
जाड रबरी कापड, फुगली की गादीएवढी,
घरी वर पाटा ठेवायचा, मग दाब येतो.
डोक्यावर मोळी घेऊन घाट उतरणारी ठकू
संध्याकाळी पाठीला दोन पिशव्या लावून चढते.
पुस्तकांची जड.
दुसरी तिच्याहून मोठी, आणि तिला वजनच नाही.
माळावर वारं सुटलं की
दोन पावलं मी उडते, असं तिचं म्हणणं.
मी पाहिलेलं नाही.

बमाबाईला, तिच्या आईला, हे पटलं नाही.
“जाळ कुटं हाय? शिजतंय कशानं?”
भात खाल्ला. भाताबद्दल काही बोलली नाही.
दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या पायरीशी येऊन उभी,
“धूर न्हाई तर छप्पर कुजतंय की बाई.
गवताला वाळवी धरतीया.
माळ्यावरचं नाचणीचं बी किडलं तर
तुमची पिशवी पेरू व्हय?”

प्रशिक्षणात तीन दिवस चहा-बिस्किटं देऊन
मला बरंच काही शिकवलं होतं.
हे नव्हतं.

शेवटी तिचं तिनंच ठरवलं.
पंधरा दिवसांतून एकदा, अवसेला नि पुनवेला,
चूल पेटते, नुसती छपरासाठी.
वर काही ठेवायचं नाही.
माणसं, वासरू, कोंबड्या, सगळी अंगणात,
घर एकटंच आत बसून
धूर खातं.
लांबून दिसतं, पावसात भिजलेलं गवत
आतून हळूहळू वाफाळतंय.

परवा गुरुवार होता.
“ठकूबाई धाकलू झोरे?”
“हजर, बाई.”
पोरं हसली नाहीत.
माझं बोट तिच्या नावावर
जरा जास्तच वेळ राहिलं.
मग पुढचं नाव घेतलं.