शेहेचाळीस नंबर

पाटीवर अजून 'शशिकांत मोटर रिवायंडिंग, कुपवाड'.
शशिकांतला जाऊन नववं वर्ष.
पाटी रंगवायचे पेंटर आठशे सांगतो,
आणि मोटारी नाव वाचून येत नाहीत.
जळाल्या की येतात.

हे मात्र जळालेलं नव्हतं.
मिरजेचे एलिया आवळे,
काखेत गिटारीचं खोकं,
त्यावर ऑर्केस्ट्राचं नाव अर्धं पुसलेलं.
आत चार तारांची बेस, माझ्या वयाची असेल.
"दोन तारा खणखणीत बोलतात, ताई,
दोन तोंडातल्या तोंडात.
मुंबईवाला म्हणतोय नवं पिकअप टाका.
मला नवं नको."
मग स्टेटरांच्या रांगेकडं बघत,
"तुम्ही पाण्यातल्या मोटारी भरता की.
हे पण तसलंच. लोहचुंबक आणि तांबं."

खरं होतं ते. आणि अजिबात खरं नव्हतं.

मी वीस नंबरची बाई.
पाच एचपीचं तांबं मनगटानं ओढायचं,
हातोडीनं बसवायचं, वार्निश ओतायचं.
ही तार शेहेचाळीस नंबरची.
पुण्याहून रीळ आलं तर वाटलं रिकामंच पाठवलंय.
खिडकीशी धरली तेव्हा दिसली,
माझ्या पिकलेल्या केसाहून बारीक,
आणि केसाहून रुसकी.

पिकअपचे दोन तुकडे.
मीटर लावला: एकाला साडेपाच हजार ओहम,
दुसऱ्याला नऊशे.
कुठंतरी आत वेढे एकमेकाला चिकटून
आपापसातच बोलत बसले होते.

जुनी तार उसवताना कळलं,
हा तुकडा जोडीदाराच्या उलट गुंडाळलेला.
चूक नव्हे. वायरीतली गुणगुण
एकातून सरळ येते, दुसऱ्यातून उलटी,
मध्ये भेटते आणि मरते.
सूर तेवढा राहतो,
कारण लोहचुंबकंही उलटी बसवलेली.
कुणाला सुचलं असेल हे?
आमच्या घरात दोघं उलटे होतो,
गुणगुण काही मेली नाही.

शिलाई मशीनची मोटार, पत्र्याचा कंस,
कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर'ला दोन तारा.
एक अधिक एक, चाकाची एक फेरी, एक बरोबर.
शशिकांत ओठ हलवत मोजायचा,
मध्ये कुणी बोललं तर पहिल्यापासून.
माझं यंत्र मोजतं, मी फक्त
तार चिमटीतून जाऊ देते.
घट्ट धरली तर तुटते.
सैल सोडली तर आत पोकळी, मग किंचाळते.
सहा हजार चारशे बाराला तुटली.
पंखा बंद करायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पंखा बंद,
शटर अर्धं, घाम हनुवटीवरून.

नातू फोनवर म्हणालेला, बारा हजार भरा, फाडून टाकेल.
मी आवळेंना सांगितलं, वेढे वाढले की आवाज जाड होतो,
पण वरची धार जाते.
ते म्हणाले, "धार कुणाला ऐकायचीय?
डावा कान ड्रमशेजारी उभा राहून गेला.
बरगडीला कळलं पाहिजे."
म्हणून पाचशे जास्त.
मूळ दहा हजारांवर पाचशे, म्हाताऱ्याच्या बरगडीसाठी.

मेणात बुडवायचं होतं.
चर्चमधली मेणबत्त्यांची थोटकं त्यांनीच आणली,
डालड्याच्या डब्यात वितळवली.
बुडबुडे येईपर्यंत दोघं गप्प.

खालच्या फळीवर पेन्सिलीची जुनी खूण होती,
एक वाकडी रेघ आणि अंगठ्याचा डाग.
त्याखाली मी १०५०० लिहिलं. नाव नाही.

जोडून झालं. सर्वांत जाड तार
त्यांनी अंगठ्यानं एकदाच ओढली.
स्क्रूंचा डबा फळीवर थरथरला.
पंप घेऊन थांबलेला पोरगा म्हणाला,
"काय वाजतंय मावशी?"

आवळेंनी गिटार पोटाशी आणखी जवळ धरली.
मग बिल विचारलं.

दरपत्रक उघडलं.
एक एचपी, दोन, तीन, पाच, साडेसात.