पासंग

बाजार उठला की मी स्वतःला तोलतो.
बटाट्याच्या पोत्यांचा लोखंडी काटा,
फळीवर अजून ओली माती.
बूट काढतो, टोपीही काढतो,
जणू टोपीतच चार किलो दडलेत.
एक्याण्णव.
काल एक्याण्णव. परवाही.
सात आठवड्यांत एल आल्तोत तीनदा गारा पडल्या,
एकदा संप झाला,
बटाट्याचा भाव दोनदा चढला नि उतरला.
एक्याण्णव तेवढे जागचे हलले नाहीत.

समोरचा कांदेवाला तिबुर्सियो म्हणतो,
"कासिमिरो, काटाच गंजला असेल तुझा."
काटा खरा आहे.
तीस वर्षं मी त्याच्याच खरेपणावर जेवतोय.

आधी किती भराभर उतरलो होतो!
एकशे तीन, शंभर, सत्त्याण्णव.
वाटलं, माझा चुन्यो होतोय.
आमच्या पठारावर जूनमध्ये बटाटे उघड्यावर पसरतात,
रात्री ते गोठतात, दिवसा उन्हं खातात,
मग अनवाणी पायांनी तुडवून त्यांचं पाणी काढायचं.
पोतंभर बटाट्यांचं उरतं
एका हाताने उचलावं असं काळं, हलकं काही.

मीही मला तुडवत राहिलो.
पहाटे पाचशे पायऱ्या खाली, पाचशे वर,
डोक्यावरून केबलकारचे डबे सरकताहेत,
आतली उबदार माणसं वाकून बघताहेत
हा म्हातारा कुणापासून पळतोय.
ताटातून आधी पाव गेला, मग मका, मग मांस,
मग सूपच पातळ होत होत
वाटीचा तळ दिसायला लागला.
काटा थांबला तशा पायऱ्या सातशे केल्या.
थांबलेलाच. नऊशे.

दवाखान्यात इलारियाने माझी वही वाचली,
चष्मा काढला, पुन्हा लावला.
झोप? नाही.
हात? गार.
बायको? बोलत नाही, मीच खेकसतो.
"कडकीच्या वर्षी घर काय करतं?" तिने विचारलं.
दिवा लवकर मालवतं, मी म्हणालो,
चूल अर्धीच पेटवतं, कणगीला हात लावू देत नाही.
"मग तुमच्या शरीरानेही हात आखडता घेतलाय.
त्याला वाटतंय, दुष्काळ पडला."

पायऱ्या परत पाचशे.
आठवड्यातले दोन दिवस एकही नाही.
पोती उचलायची, पण सावकाश, मोजून.
सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर किन्वा,
आणि सूप असं, की चमचा जरा उभा राहावा.

खाऊ? मी विचारलं.
चोरी करू का, असं विचारावं तसं.

घरी परतताना आठवला आजोबांचा तराजू.
रिकामी पारडीसुद्धा सारखी झुकत नसत त्याची.
हलक्या बाजूला ते एक खडा बांधत,
बोराएवढा, त्याला कोण विचारतो?
पण तो पासंग नसता
तर दिवसभराचं सगळं तोलणं खोटं.
मी आठवडेच्या आठवडे एकाच पारड्यात
पायऱ्या ओतत होतो.

पहिल्या शनिवारी काटा म्हणाला, ब्याण्णव.
मी तीन दिवस इलारियाच्या रस्त्याने गेलो नाही.
नेमेसियाने काही न बोलता
दुसरं अंडं सोलून पुढ्यात ठेवलं,
आणि ती गेली नाही, मी खाईपर्यंत.

मग झोप आली. जुन्या गिऱ्हाइकासारखी,
उधारी न काढता.
मग हात गरम झाले, पोत्यांच्या गाठी
पहिल्या हिसक्यात सुटायला लागल्या.
मी काट्याकडे जायचंच विसरलो, पाच दिवस, सहा.

आज आठवण झाली.
शटर ओढून घेतलं, बूट काढले, टोपी काढली.
काटा थरथरला, इकडे गेला, तिकडे गेला,
आणि नव्वदच्या किंचित अलीकडे
येऊन बसला.

"गंज निघाला म्हणायचा," शटरखालून तिबुर्सियो.
मी उतरलो तेव्हा लक्षात आलं,
खिशात संध्याकाळचं उकडलेलं अंडं होतं,
अजून कोमट.
तेही तोललं गेलं माझ्याबरोबर.