नर चावत नाहीत

प्रयोगशाळेने मला पाठवलं ते एका शब्दासाठी.
बोबो-दिउलासोपासून दीड तास मोपेडवर,
पोटाशी वही, दातांत तांबडी धूळ करकरत.

फ्रेंचमध्ये म्हणतात जेन.
गावच्या मास्तरांनी ऐकलं आणि विचारलं,
"म्हणजे अडचण? संकोच?"
कारण तोही शब्द कानाला तसाच लागतो.
वर्गातली पोरं हसली.
मी वहीत लिहून ठेवलं: अडचण.

मग बी म्हणून पाहिलं.
बी म्हटल्यावर सगळे बाजरीकडे वळले,
यंदा पाखरांनी किती नेली, कोणाची कणगी रिती.
रक्त म्हणून पाहिलं, तर अरबा उठून उभी राहिली:
"रक्त कोण काढणार? किती? कशाला?"
तिचा थोरला गेला तो रक्त चढवता चढवता,
इस्पितळाच्या व्हरांड्यात, पिशवी अर्धी उरलेली.
मी तो शब्द खोडला. दोनदा खोडला.

आमच्या दिउलात या तापाला सुमाया म्हणतात,
म्हणजे गारवा, ओल.
कुणीतरी कधीतरी ओलीलाच दोष दिला असणार,
ओलीवर भिरभिरणाऱ्या किड्याला सोडून.
चुकलेला शब्दही माणसांना पिढ्यान्‌पिढ्या पुरतो,
हे मी प्रयोगशाळेला कळवलं नाही.

चौथ्या दिवशी कुंभारीण तेने म्हणाली,
हात चिखलात, मान वर न करता:
"तुझ्या बापाचं नाक तुझ्या तोंडावर बसवलं कुणी?
बापाने तर नाही. तो तेव्हा शेतात होता."
बायका खो खो हसल्या.
"आत कुणीतरी सांगत असतं,
नाक असं कर, बोटं अशी.
ते सांगणं. त्याला काय म्हणायचं ते म्हण."
मी लिहिलं: आतलं सांगणं.

पुढचं एकदम सोपं झालं.
या नरांच्या आतलं सांगणं आम्ही बदललंय,
त्यांना पोरं होणार नाहीत.
आणि नर चावत नाहीत, फुलांचा रस पितात.
"मग माद्यांनी काय, वाट बघत बसायचं?" तेने म्हणाली.
पुन्हा हसणं,
आणि मग कुणीच हसेना.
दाराशी साफियातू उभी होती,
लग्नाला सात वर्षं,
पाठीवर बांधायला अजून कुणी नाही.

म्हाताऱ्या सिबिरी मिलोगोंचा प्रश्न
वहीत लिहिला, पण त्यापुढे काही लिहिता आलं नाही:
"आम्ही हो म्हटलं. डास नदीपलीकडे गेला,
तर तिथलं हो कोण म्हणणार?"
डॉक्टर म्हणाले, फार लांब जात नाहीत.
"लांब म्हणजे किती?"
उन्हाळ्यात ती नदी
चप्पल हातात घेऊन ओलांडता येते.

सोडायच्या संध्याकाळी डासांना गुलाबी भुकटी लावली होती,
ओळखू यावेत म्हणून.
कागदी पेल्यांवरची जाळी काढली
आणि काहीच झालं नाही.
ते आतच बसून राहिले.
शेवटी एका पोराने पेला उपडा करून ठोकला,
तळाशी साखर चिकटावी तसा.

दुसऱ्या दिवशी, दिवस मावळताना,
सरपणाच्या ढिगावर थवा नाचू लागला.
पोरांनी जाळी फिरवली.
एक गुलाबी सापडला,
आणि अख्खं गाव टॉर्च घेऊन त्याला बघायला आलं,
लांबच्या गावाहून आलेल्या जावयासारखं.

रात्री मी अरबाच्या अंगणात झोपले.
मनगटावर काहीतरी टेकलं.
मारायला उचललेला हात तसाच ठेवून
टॉर्च लावला, भुकटी शोधली,
मिशा झुपकेदार आहेत का पाहिलं.
नव्हत्या. पोट आधीच फुगलेलं.

मारली.
तळहातावर ठिपका,
माझा, की शेजारी पाय पसरून झोपलेल्या
अरबाच्या धाकट्याचा?
मी बराच वेळ टॉर्च धरून बसले.
त्याचं कपाळ चाचपलं. गार होतं.
गार म्हणजे बरं,
असं मी मनातल्या मनात म्हटलं,
आमच्या भाषेत नाही.