दोन गोळ्यांच्या मधे

तेलावीत, दुपारी साडेतीनला
वाझाला सगळं आठवतं:
सत्त्याहत्तरची द्राक्षतोडणी,
जमिनीत पुरलेले वाइनचे रांजण,
त्सिउरीची हिरवी ओढणी.
सांगतो मात्र
शेजाऱ्याचं वीजबिल वाचल्यासारखं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवण शाबूत आहे,
ओढ आटलीय.
मेंदूत चिमूटभर काहीतरी कमी,
मीठ विसरावं तसं.

चारची गोळी.
त्सिउरी घड्याळाकडे बघत नाही,
अक्रोड फोडत बसते.
चाळीसेक मिनिटांनी त्याचं बोट
टेबलावर ठेका शोधू लागतं
आणि तो विचारतो,
"ती ओढणी कुठंय गं?"

कपाटातच आहे.
ती लगेच उठत नाही.
वाझा विचारतोय की गोळी,
हे तिला
आठच्या आत ठरवायचं नसतं.