रकाना क्रमांक सात

कोर्टासमोरच्या पत्र्याखाली माझा कॉम्प्युटर,
प्रिंटर, आणि डासांसाठी अर्धी कॉइल.
निंबा देवरे, तालुका बागलाण,
अकरा वर्षं ओमानात, सलालाच्या बंदरावर क्रेन चालवून
आता मुलीला सातपूरच्या शाळेत घालतोय.
दाखल्यावर लिंबा, पासपोर्टवर निंबा,
आणि तिकडच्या कार्डावर अरबीत
देवरेचा दयूरी झालेला.

मातृभाषा? मी विचारते, मान वर न करता.
तो थांबतो.
"तिची?
मराठी लिवा."

मग आपणहूनच सांगतो सईदचं.
मुकादम सईद, डोंगरातला.
कचेरीत अरबी, इस्त्री केलेली.
आमच्याशी हिंदी, मोडकी, शिव्या तेवढ्या शुद्ध.
आणि उंट वाट चुकला की तिसरंच काही,
ज्याला लिपी नाही, धडा नाही.
"त्यात एक आवाज आहे, बाई.
जीभ टाळूला लावायची
नि वारा एकाच गालातनं सोडायचा. हे असं."

ओल्या काडीनं पेट घ्यावा तसा
आवाज.
शेजारचा स्टॅम्प व्हेंडर
शिक्का हातात धरून बघत राहतो.

"त्यानं काय लिहिलं असेल फॉर्मात?"
"अरबी. माझ्यासमोरच लिहिलं.
पेन जरा वेळ हवेत होतं."

फोन वाजतो. मुलगी.
"काय करी ऱ्हायनी वं?"
एवढ्यानंच त्याचे खांदे उतरतात,
अकरा वर्षांचं ओझं कुणीतरी हातात घेतल्यासारखे.
स्पीकरमधून स्वच्छ, पुस्तकातलं उत्तर:
"अभ्यास करते, पप्पा."

दोन प्रती, सही, सत्तर रुपये. तो जातो
सटाण्याची गाडी पकडायला.

मी पेठची. घाट उतरल्यावरची.
माझी आई कोकणी बोलायची, समुद्राची नव्हे, डोंगराची.
एकदा बँकेत, काउंटरवरच्या साहेबासमोर,
मी तिला म्हटलं होतं, नीट बोल.
ती त्यानंतर बँकेत कधी बोललीच नाही.
अंगठा पुढे करायची फक्त.

संध्याकाळी प्रिंटरवर प्लास्टिक घालताना
जीभ टाळूला लावून बघते.
वारा एका गालातून.
नाही जमत. नुसती थुंकी.

स्क्रीनवर अर्ज उघडाच राहिलाय.
रकाना सात: मराठी.
तीन अक्षरं.
पुढे बरीच जागा मोकळी.