वाळूची बादली

रात्री साडेदहाला गॅरेजच्या तुळईला
मी नवा पट्टा टांगते
आणि पट्ट्याला बादली.
आत नदीची वाळू, तीस पौंड, मोजून.
एवढी जड गिटार कुणीच वाजवत नाही.
लेलंड दारातून विचारतो,
गिटार अडकवणार आहेस की घोडा?
मी म्हणते, झोप जा.

चौतीस वर्षं मी लोकांचे दात केले.
आधी मेणात, मग पोर्सेलिनमध्ये,
सुळे, दाढा, एका न्यायाधीशाची पूर्ण कवळी.
या गावातलं निम्मं हसू
माझ्या टेबलावरून गेलंय
आणि हसणाऱ्यांना माझं नाव ठाऊक नाही.
निवृत्त झाले. बोटं घरी आली,
पण ती काही स्वस्थ बसेनात.

म्हणून कातडं.
बोझमनच्या एका खोगीरवाल्याने
उरलेली अर्धी पाठ स्वस्तात दिली,
वर एक सल्ला फुकट:
पोटाकडचं घेऊ नका बाई,
ते मऊ असतं, गोड असतं, आणि ताणत जातं.
पाठ घ्या. पाठीला ओझ्याची सवय असते.

आता माझ्याकडे रापी आहे, आरी आहे,
मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया,
त्या एकाच भोकातून समोरासमोर येतात
आणि एकमेकींना वाट देऊन जातात.
चुकलेला टाका मी दात कोरायच्या आकड्याने उकलते.
कडा ओल्या करून हाडाने घासत राहते,
घासत राहते, रेडिओवरचा हवामानाचा अंदाज संपेपर्यंत,
मग ती कड नखासारखी चमकते.

गिटार मला येत नाही.
एक सूरसुद्धा धड नाही.
शुक्रवारी लीजनच्या हॉलमध्ये सगळे
वाजवणारीची बोटं बघतात,
मी खांदा बघते.

चौथा पट्टा ट्रूडी हॉगेनचा.
ती आमच्याकडे टपाल टाकते,
तिचा डावा खांदा पिशवीने जरा उतरलेला,
म्हणून मी पट्टा तिथे रुंद ठेवला, आत मेंढीचं कातडं लावलं,
बिटररूटची सात फुलं कोरली.
सगळं केलं.
फक्त टोकाच्या भोकाखालची चीर
तीन मिलिमीटर हवी होती, ती साडेचार झाली.
साडेचार!
दाताच्या कामात दीड मिलिमीटरला
माणूस जेवू शकत नाही.

दुसऱ्याच गाण्यात
ती कुणाला तरी हसायला वाकली
आणि गिटार पट्ट्यातून निसटली.
तो आवाज मला ओळखीचा वाटला.
मुळापासून काहीतरी तुटतं, तसा.
हॉल गप्प. कुणाच्या तरी हातातला ग्लास तसाच हवेत.
ट्रूडीने मानेची चीर बोटाने चाचपली,
गिटार खुर्चीवर आडवी निजवली
आणि उरलेलं गाणं नुसत्या गळ्याने म्हटलं,
पट्टा खांद्यावर तसाच, रिकामा,
सात फुलं पोटावर लोंबत.

सोमवारी ती आली, विजेचं बिल घेऊन.
मी चेकबुक काढून बसले होते.
म्हणाली, लाकूड माझा भाऊ चिकटवतो,
तू भोक बदल. फुलं राहू देत.
चेकबुकाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.
मी कॉफी ओतली, ती सांडली.

ते टोक मी कापलं, नवं जोडलं.
कापलेला तुकडा टेबलावरच्या भिंतीत ठोकलाय,
चिरेसकट.
तेव्हापासून ही बादली.

तीनला जाग येते.
लेलंड घोरत असतो, बाहेर वारा
डोंगरावरून कुणाचा तरी पत्रा वाजवत उतरतो.
मी कान देऊन पडते.
गॅरेजमधून काही येत नाही.
मग परत झोप लागते, थोडी.

आज सकाळी दिवा लावला तर
बादली हळूहळू झुलतेय
आणि वाळूत आमची पिकल्स,
फळीवरून उडी मारून बसलेली,
मला बघून डोळे मिटले तिने.
काटा आणला. पट्टी लावून मोजलं.
भिंतीवर पेन्सिलने लिहिलं:
अकरावा पट्टा. ताण दोन मिलिमीटर.
मांजरासकट.