सूर धरणारा

मुरारबा वाजवायचे, मी धरायचो.
त्यांच्या सनईची सगळी भोकं उघडी,
माझ्या सुराची मेणानं बुजवलेली.
नाकानं घ्यायचं, गालात साठवायचं, ओठांनी सोडायचं,
आणि ते कुठंही भटकून आले तरी
दार लोटलेलं नको
एवढं बघायचं.

सिंहस्थाचं वर्ष. उत्तरेकडचे कुणी महाराज
गोदेवर स्नानाला आलेले.
नाव एवढं लांब की भालदाराला
मध्येच दम घ्यावा लागे.
मला लागला नसता. पण मला कोण विचारतो.

आदल्या दिवशी कारभारी छापील कागद देऊन गेला,
वर तोंडानंही सांगून गेला:
जोडे बाहेर. डोकं उघडं नको. पाठ दाखवायची नाही.
महाराजांकडे फार बघायचं नाही.
"मग बघायचं कुठं?" चौघड्यावरच्या येसाजीनं विचारलं.
"माझ्या हाताकडे. हात वर गेला की बंद."

तांबट आळीतल्या गोविंदशेटनं
लग्नातली पगडी दिली. त्याचं डोकं
माझ्याहून दोन बोटं मोठं.
मला वाचता येत नव्हतंच,
तो छापील कागद चुरगाळून आत कोंबला.
तरी पगडी भुवयांवर येऊन बसायची
शेजारच्या मांजरासारखी.

गोल्फ क्लबच्या माळावर शामियाना.
श्रावणाचा चिखल गालिच्याखाली पचपचत होता.
कलेक्टरसाहेब, मडमेचे पांढरे हातमोजे,
इनामदार, वकील, पंचवटीतले दोन उपाध्ये,
कोण कोणाच्या मागे उभं राहणार
यावरून सकाळपासून अबोला धरलेले.
अत्तरदाणी फिरली. आमच्यापर्यंत वास आला.

मुरारबांनी मुलतानी उघडली.
मी डोळे मिटले. मिटले नसते
तरी पगडीनं मिटलेच होते.

हात केव्हा वर गेला, कोण जाणे.
सनई निषादावर तुटली. चौघडा थांबला.
मला वाटलं, मुरारबा दम घेतायत,
आता वर जातील.
मी धरून राहिलो.

पुढचं येसाजीकडून ऐकलेलं:
सगळा शामियाना मुजऱ्याला वाकलेला,
आणि सूर चालू,
म्हणजे सलामी चालू,
म्हणजे उठायचं कसं?
महाराजांचा एक पाय गालिच्यावर, एक चिखलात.
त्यांना वाटलं, नाशकाची रीत असेल.
तेही थांबले.
कलेक्टरनं टोपी काढली.
एका म्हाताऱ्या इनामदाराची कंबर कडकन वाजली
तरी कुणी हललं नाही.
विडा बांधून होईल एवढा वेळ
त्या माळावर मी एकटा होतो
आणि मला माहीत नव्हतं.

मग मुरारबांचा हात माझ्या गुडघ्यावर आला.
मी थांबलो,
आणि केवढं शांत होतं ते मला ऐकू आलं.

बिदागी ठरल्याप्रमाणे:
मुरारबांना शेला, येसाजीला अकरा,
मला नारळ आणि सव्वा रुपया.
"फटकेच द्यायचे तुला," कारभारी कानात म्हणाला,
आणि महाराजांकडे वळून, हसून,
"होय सरकार, इकडची फार जुनी प्रथा."

रविवार कारंजापर्यंत मुरारबा बोलले नाहीत.
मला वाटलं, उद्यापासून दुसरा कुणी.
रामकुंडाच्या पायरीवर त्यांनी पत्ती ओली केली.
मुलतानीची वेळ कधीच टळून गेली होती.
"धर," म्हणाले.

धरला.
त्यांनी तो निषाद जिथं टाकला होता
तिथून उचलला, अंधारातून हळूहळू चालवत आणला
आणि माझ्याजवळ ठेवला.
एवढंच. मग नारळ फोडून खाल्ला.

पगडी परत केली तेव्हा
गोविंदशेटला आत तो कागद सापडला.
त्यानं सरळ करून, चष्मा लावून वाचला.
कलम अकरा: सनई तत्काळ बंद. चौघडा तत्काळ बंद.
"पुढे?" मी विचारलं.
त्यानं कागद उलटा करून पाहिला.

सुराबद्दल कुठं काही लिहिलेलं नव्हतं.